रिपोर्ट नॉर्मल, मग झडप कडक कशी?

हल्ली तालुक्याच्या गावीही रक्ततपासणीची ‘पॅकेजे’ आली आहेत. एकदा सुई टोचून घेतलेल्या रक्तावर साठ-सत्तर तपासण्या होतात आणि दुसऱ्या दिवशी आठ-दहा पानांचा रिपोर्ट हातात पडतो. ज्या आकड्यापुढे खूण नाही तो नॉर्मल, असे धरून लोक निर्धास्त होतात. आणि एखाद्या आकड्यापुढे खूण असली की रात्रीची झोप उडते. असे रिपोर्ट घेऊन येणारी मंडळी हृदयाच्या झडपेबाबत मला दोन प्रश्न नेहमी विचारतात. पहिला प्रश्न असा, की रक्तातले कॅल्शियम नॉर्मल असताना झडपेवर कॅल्शियम साचले असे इको करणारे डॉक्टर कसे सांगतात? आणि दुसरा, आपली झडप पुढे खराब होणार की नाही, हे रक्तावरून आधीच कळत नाही का?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. गेली तीस-चाळीस वर्षे जगभरचे संशोधकही हेच शोधत आहेत. त्यांच्या हाती बरेच काही लागले आहे. परंतु कोणाची झडप कडक होणार हे खात्रीने सांगणारी रक्ताची एकही तपासणी आजमितीस उपलब्ध नाही. काही तपासण्या धोका सांगतात, काही परिणाम सांगतात. त्यांचा उपयोग जरूर आहे. पण कोणती तपासणी काय सांगते हे नीट समजले नाही तर एक जण उगाच घाबरतो आणि दुसरा उगाच निर्धास्त राहतो. यांतला दुसरा अधिक धोक्यात असतो.

झडप आणि तिचे काम

आपल्या हृदयात चार कप्पे आणि चार झडपा असतात. त्यांपैकी डाव्या खालच्या कप्प्यातून शुद्ध रक्त महारोहिणीत, म्हणजे शरीराच्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीत जाते. त्या दारावर जी झडप असते तिला एओर्टिक व्हॉल्व्ह म्हणतात. विहिरीवरच्या पंपाला फूटव्हॉल्व्ह असतो, तो शेतकरी वाचकांना ठाऊक आहेच. पाणी वर जाऊ द्यायचे, पण परत विहिरीत उतरू द्यायचे नाही, हे त्याचे काम. हृदयाच्या झडपेचेही काम तेच. या झडपेला तीन पाकळ्या असतात आणि प्रत्येक पाकळीची जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा ती उघडते आणि मिटते.

निरोगी माणसाची ही झडप पूर्ण उघडली म्हणजे साधारण ३ ते ४ चौरस सेंटिमीटरची वाट मोकळी होते. पाकळ्यांवर कॅल्शियमचे क्षार साचू लागले की त्या जाड होतात, ताठरतात आणि वाट अरुंद होत जाते. ती १ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी झाली की विकार तीव्र समजतात. अरुंद वाटेतून तेवढेच रक्त ढकलण्यासाठी हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्याची भिंत जाड होते. हे सगळे बरीच वर्षे बिनबोभाट चालते, रुग्णाला काहीही जाणवत नाही. पुढे तीन लक्षणे दिसू लागतात. श्रम केल्यावर दम लागणे, छातीत दुखणे किंवा दाटून येणे, आणि चालता-चढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन चक्कर येणे किंवा शुद्ध हरपणे.

या लक्षणांचे महत्त्व जॉन रॉस आणि युजीन ब्राउनवाल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ साली दाखवून दिले. लक्षणे सुरू झाल्यावर झडपेवर उपचार झाला नाही तर रुग्णाचे उरलेले आयुष्य सरासरी दोन ते पाच वर्षांचेच असते, असे त्यांनी मांडले. त्यानंतर औषधे पुष्कळ निघाली, पण हे चित्र औषधांनी बदललेले नाही. ते बदलते झडप बदलल्याने. म्हणूनच वेळेवर निदान होण्याला इतके महत्त्व आहे.

हा विकार किती जणांत आढळतो? अमेरिकेत ६५ वर्षांवरील ५,२०१ व्यक्तींची इको तपासणी केलेला एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात २६ टक्के लोकांच्या झडपेवर जाडी किंवा क्षार दिसले, परंतु वाट खरोखर अरुंद झालेले २ टक्केच होते. म्हणजे म्हातारपणी झडपेवर थोडेफार क्षार दिसणे ही नवलाची गोष्ट नव्हे. त्यांतल्या कोणाची वाट पुढे बंद होत जाणार, हा खरा प्रश्न आहे.

क्षार साचतो कसा?

बोअरच्या पाण्याने बंबात पांढरा थर साचतो. झडपेचेही तसेच होत असेल, पाण्यात क्षार जास्त म्हणून थर जास्त, असे पुष्कळांना वाटते. डॉक्टर मंडळींनाही बराच काळ जवळजवळ तसेच वाटत होते. योहान म्योंकेबेर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली या विकाराचे वर्णन केले. तेव्हापासून ही वयोमानाने होणारी झीज, यंत्राचा भाग वापरून खराब व्हावा तशी, असाच समज रूढ होता.

हा समज १९९० नंतर बदलला. १९९४ साली अमेरिकेतील डॉ. कॅथरीन ओटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या अवस्थेतील झडपा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यांत चरबी आणि दाह निर्माण करणाऱ्या पेशी आढळल्या. धमन्यांत चरबीचा थर साचतो त्याच्याशी याचे पुष्कळ साम्य होते. २००१ साली फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ३४७ झडपा तपासल्या. कॅल्शियम साचलेल्या झडपांपैकी सुमारे १३ टक्के झडपांत त्यांना चक्क हाड तयार झालेले दिसले. नुसता क्षार नव्हे, तर आपल्या सांगाड्यात असते तसे रचनेचे हाड!

याचा अर्थ असा की झडपेतील काही पेशी आपले मूळ काम सोडून हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. गावात विटा किती आहेत यावरून कोणाच्या अंगणात भिंत उभी राहते आहे हे सांगता येत नाही. भिंत गवंडी बांधतो. तसेच रक्तात कॅल्शियम किती यावर झडपेचे भवितव्य ठरत नाही. रक्तातील कॅल्शियम शरीर एका डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम एवढ्या अरुंद मर्यादेत ठेवते. झडप दगडासारखी झालेल्या रुग्णातही हा आकडा बहुधा नॉर्मलच असतो. वरच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. म्हणून रिपोर्टमधील कॅल्शियम पाहून झडपेबाबत कोणताही निष्कर्ष काढू नये. तसेच हाडांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या या भीतीने परस्पर बंदही करू नयेत; झडपेचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारून काय ते ठरवावे.

धोका सांगणारी तपासणी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. झडपेवर क्षार साचण्याशी ज्याचा संबंध सर्वांत भक्कमपणे दिसून आला आहे असा रक्तातील घटक म्हणजे लायपोप्रोटीन-ए. नॉर्वेचे शास्त्रज्ञ कोरे बर्ग यांनी तो १९६३ साली शोधला. नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या कणालाच जणू एक जादा प्रथिनाचे शेपूट चिकटलेले असते. रक्तात हा घटक किती असणार ते मुख्यत्वे जन्मतःच, आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांवरून ठरते. तेलतूप कमी केले, रोज फिरायला गेले म्हणून तो फारसा उतरत नाही. त्यामुळे ही तपासणी वारंवार करावी लागत नाही. प्रत्येक प्रौढाने ती आयुष्यात एकदा करावी, अशी शिफारस युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१९ साली केली आहे.

एका डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक, किंवा दुसऱ्या मापात एका लिटरला १२५ नॅनोमोलपेक्षा अधिक, हे प्रमाण जास्त समजतात. जगात साधारण पाचांतील एका माणसात ते एवढे असते. येथे एक सूचना करून ठेवतो. रिपोर्टमध्ये पुष्कळदा ‘अपोलायपोप्रोटीन ए-१’ असाही एक घटक छापलेला असतो. नाव सारखे असले तरी ती वेगळी वस्तू आहे, आणि ती जास्त असणे बहुधा चांगलेच. या दोन नावांच्या घोटाळ्यामुळे चिंतेत पडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

२०१३ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे दिसले की लायपोप्रोटीन-ए वाढवणारा जनुकातील एक विशिष्ट बदल ज्यांच्यात असतो, त्यांच्या एओर्टिक झडपेवर क्षार आढळण्याची शक्यता साधारण दुप्पट असते. जनुके जन्मापासूनची असल्याने हा घटक नुसता सोबत दिसणारा नसून विकाराच्या कारणांपैकी एक असला पाहिजे, हा निष्कर्ष बळकट झाला. २०१४ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे ७७,६८० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे प्रमाण ९० मिलिग्रॅमपेक्षा जास्त होते त्यांच्यात झडप अरुंद होण्याचा धोका सर्वांत कमी प्रमाण असलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळला.

‘तिप्पट’ हा शब्द ऐकून कोणीही दचकेल. पण याच अभ्यासात, काही जणांवर वीस वर्षांपर्यंत लक्ष ठेवूनही, सत्त्याहत्तर हजारांहून अधिक लोकांपैकी झडप अरुंद झालेले लोक सुमारे साडेचारशेच निघाले. थोड्याच्या तिप्पट म्हणजेही थोडेच. ज्यांचे लायपोप्रोटीन-ए जास्त आहे अशा बहुसंख्य लोकांची झडप कधीच बंद होत नाही, आणि ज्यांची झडप बंद होते अशा कित्येकांचे लायपोप्रोटीन-ए अगदी नॉर्मल असते. शिवाय क्षार साचायला सुरुवात होण्याशी या घटकाचा संबंध स्पष्ट असला, तरी एकदा सुरुवात झाल्यावर विकार किती वेगाने वाढेल हे त्यावरून सांगता येते की नाही, याबाबत अभ्यासांचे एकमत नाही.

मूत्रपिंड आणि फॉस्फरस

दुसरा गट मूत्रपिंडाशी निगडित तपासण्यांचा आहे. क्रिएटिनिन वाढलेले, मूत्रपिंडे अशक्त झालेली, विशेषतः डायलिसिसवर असलेले रुग्ण असले तर झडपेवर लवकर आणि वेगाने क्षार साचतात. अशा रुग्णांच्या रक्तात फॉस्फरस साठून राहतो, आणि फॉस्फरस जास्त असला की पेशींना हाडासारखे वागण्याची चिथावणी मिळते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. अमेरिकेतील वृद्धांच्या एका अभ्यासात, जो २०११ साली प्रसिद्ध झाला, फॉस्फरसचे प्रमाण जसे वाढत गेले तसे झडपेवर जाडी आढळण्याचे प्रमाण थोडे वाढत गेले. त्याच लोकांचे कॅल्शियम, पॅराथायरॉईडचे संप्रेरक आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांचा मात्र झडपेशी संबंध दिसला नाही. तरीसुद्धा एकट्यादुकट्या माणसाचा फॉस्फरसचा आकडा पाहून त्याच्या झडपेचे भाकीत करता येत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी झडपेकडेही लक्ष ठेवून घ्यावे, एवढाच त्याचा व्यवहारातील अर्थ.

‘के’ जीवनसत्त्वाचाही हल्ली बराच गाजावाजा आहे. शरीरात क्षार नको तेथे साचू नयेत म्हणून एक प्रथिन पहारा देत असते, आणि ते कामाला लागण्यासाठी ‘के’ जीवनसत्त्व लागते. १९९७ साली हे प्रथिन नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. त्यांच्या धमन्या क्षारांनी कडक झाल्या आणि ते दोन महिन्यांच्या आत दगावले. तेव्हापासून ‘के-२’च्या गोळ्यांनी झडप वाचेल अशी आशा होती. डेन्मार्कमध्ये झडपेवर क्षार साचलेल्या ३६५ वृद्ध पुरुषांवर ही चाचणी झाली आणि तिचा निकाल २०२२ साली आला. ‘के-२’ व ‘ड’ जीवनसत्त्व दोन वर्षे देऊनही क्षार साचण्याचा वेग कमी झाला नाही. ज्यांना रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिनसारखी गोळी चालू आहे त्यांनी तर ‘के’ जीवनसत्त्व मनाने मुळीच घेऊ नये. ते गोळीच्या नेमके उलट काम करते आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

परिणाम सांगणारी तपासणी

तिसरी तपासणी बीएनपी किंवा एनटी-प्रो-बीएनपी या नावाने केली जाते. हा पदार्थ १९८८ साली जपानी संशोधकांना प्रथम डुकराच्या मेंदूत सापडला, म्हणून त्याच्या नावात मेंदूचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात तो मुख्यतः हृदयाच्या स्नायूतून येतो. स्नायूवर ताण पडला की त्याचे रक्तातील प्रमाण वाढते. म्हणजे ही तपासणी झडपेवर क्षार साचणार की नाही हे सांगत नाही. अरुंद झालेल्या झडपेमुळे हृदयाची किती दमछाक झाली आहे हे सांगते. इकोमध्ये झडप खूप अरुंद दिसते आहे, पण रुग्ण म्हणतो मला काहीच त्रास नाही, अशा वेळी शस्त्रक्रिया आता करावी की थांबावे हे ठरवताना हृदयरोगतज्ज्ञांना तिचा उपयोग होतो. मात्र ती इतर कारणांनीही वाढते. वय, मूत्रपिंडाचा विकार, हृदयाचे अनियमित ठोके यांमुळे आकडा वर जातो, तर लठ्ठ माणसात तो फसवा कमी येतो.

सीआरपी, अल्कलाइन फॉस्फटेज वगैरे इतर तपासण्यांवरही संशोधन झाले आहे. पण साधा ताप, हिरडीची सूज, हाडाचे किंवा यकृताचे विकार यांतही त्या वाढतात. झडपेसाठी म्हणून त्या करून घेण्यात अर्थ नाही.

दोन रुग्ण

हा सगळा विषय एवढ्या विस्ताराने का मांडला, ते दोन उदाहरणांवरून लक्षात येईल. एक ६८ वर्षांच्या बाई. आयुष्यभर शेतात राबलेल्या. दोन वर्षांपासून देवाच्या डोंगरावर जाताना त्या पायथ्याशीच बसून राहत आणि घरची मंडळी वर जाऊन येत. पुढे ओट्याजवळ उभे राहून भाकरी थापतानाही धाप लागू लागली. मुलाने दोनदा पॅकेज करून रक्त तपासून आणले. साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, थायरॉईड, कॅल्शियम सर्व ठीक. बाई म्हणाल्या, ‘‘अवो, वय झालं आता. दम लागायचाच.’’ मुलगा म्हणाला, ‘‘डॉक्टर, रिपोर्टमध्ये तर काहीच नाही.’’ छातीला स्टेथोस्कोप लावला तर मानेपर्यंत ऐकू जाणारा खरखरीत जादा आवाज होता. इकोमध्ये झडपेची वाट ०.७ चौरस सेंटिमीटर निघाली. झडप बदलल्यानंतर आता त्या घरचे सगळे काम करतात. ‘वय झालं’ या दोन शब्दांवर त्या घरात दोन वर्षे गेली होती, आणि नॉर्मल रिपोर्टने त्या शब्दांना पाठबळ दिले होते.

दुसरे ४४ वर्षांचे किराणा दुकानदार. थोरल्या भावाला तरुण वयात हृदयविकाराचा झटका आला म्हणून त्यांनी मोठे पॅकेज केले. लायपोप्रोटीन-ए ११० मिलिग्रॅम निघाले. कोठेतरी वाचून त्यांनी ठरवून टाकले की आपली झडप आता बंद पडणार. पोती उचलणे सोडले, गल्ल्यावर बसणे कमी केले. मला विचारू लागले, ‘‘डॉक्टरसाहेब, पोरीचं लग्न यंदाच उरकून घेऊ का?’’ छातीत जादा आवाज नव्हता. इकोमध्ये तिन्ही पाकळ्या स्वच्छ. त्यांना मी सांगितले की तुमच्यासाठी या आकड्याचा अर्थ वेगळा आहे. झडपेपेक्षा हृदयाच्या धमन्यांना जवळचा धोका आहे, कारण हाच घटक धमन्यांतील अडथळ्यांशीही निगडित आहे. तेव्हा तंबाखू सोडा, रक्तदाब आणि साखर सांभाळा, एलडीएल कोलेस्टेरॉल खाली ठेवा, भाऊ-बहीण आणि मुलांची ही तपासणी एकदा करून घ्या, आणि काही वर्षांनी इको पुन्हा करा. पोरीचे लग्न तिच्या शिक्षणानंतर करा, हेही सांगितले.

कळले तरी थांबवता येते का?

धोका आधी कळला तर औषधाने क्षार थांबवता येतील, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. झडपेत चरबी दिसली तेव्हा कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांकडून मोठी आशा होती. २००५ साली स्कॉटलंडमध्ये, २००८ साली युरोपातील १,८७३ रुग्णांवर आणि २०१० साली कॅनडात, अशा तीन काळजीपूर्वक चाचण्यांचे निकाल आले. कोलेस्टेरॉल चांगले उतरले, पण झडप अरुंद होण्याचा वेग काही उतरला नाही. लायपोप्रोटीन-ए खूप कमी करू शकणारी नवी इंजेक्शने तयार झाली असून त्यांच्या चाचण्या हाती घेण्यात आल्या आहेत. परंतु झडपेवर क्षार साचणे थांबवते असे सिद्ध झालेले एकही औषध, गोळी, काढा किंवा चूर्ण आज नाही. धमन्यांच्या विकारासाठी स्टॅटिन दिली असेल तर ती मात्र चालूच ठेवावी. तिचा तेथे निश्चित फायदा आहे.

मग कळते कशाने?

रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ साली कागदाची सुरळी करून स्टेथोस्कोपचा पाया घातला. आजही या विकाराचा पहिला सुगावा बहुधा स्टेथोस्कोपनेच लागतो. अरुंद वाटेतून रक्त जोराने जाताना जादा आवाज येतो. तो ऐकू आला की इको करायची. ही आवाजाच्या लहरींची तपासणी आहे. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, भूल नाही. झडपेला पाकळ्या किती, त्या किती उघडतात, वाट किती उरली आणि हृदयाचा स्नायू कसा आहे, हे सारे त्यात दिसते. क्वचित शंका राहिल्यास सीटी स्कॅनने झडपेवरील कॅल्शियम मोजतात.

शंभरांतील एक-दोन माणसांच्या झडपेला जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात. अशी झडप इतरांपेक्षा दहा-वीस वर्षे आधी कडक होऊ शकते आणि हा दोष काही घराण्यांत चालत येतो. ऐन पन्नाशीत झडप बदलावी लागलेल्या रुग्णांत हे कारण पुष्कळदा सापडते. हा दोष रक्ताच्या कोणत्याही नेहमीच्या तपासणीत दिसत नाही, इकोमध्ये दिसतो.

आपल्याकडे तरुणांतील झडपांच्या विकाराचे एक मोठे कारण वेगळेच आहे. लहानपणी घसा येऊन नंतर सांधे सुजतात, ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. हा र्‍हुमॅटिक ताप. त्यात बहुधा डावीकडची दुसरी, म्हणजे मायट्रल झडप बिघडते. यासाठी एएसओ नावाची रक्ततपासणी करतात. पण ती घशातील जंतूंचा संसर्ग अलीकडे झाला होता एवढेच सांगते, झडप बिघडली की नाही ते सांगत नाही. तेथेही निर्णय इकोनेच होतो.

उपचाराबद्दल

झडप बदलणे या शब्दांनी घाबरण्याचे कारण नाही. ही शस्त्रक्रिया १९६० पासून जगात होत आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत डॉ. वालियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली भारतीय बनावटीची झडप १९९० साली प्रथम रुग्णाला बसवण्यात आली आणि पुढे देशभरातील रुग्णांच्या उपयोगी पडली. वृद्ध किंवा अशक्त रुग्णांसाठी छाती न उघडता मांडीच्या रक्तवाहिनीतून नळीने झडप बसवण्याची पद्धतही आहे. फ्रान्समधील रुआँ शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी नळीवाटे झडप बसवण्याचा पहिला प्रयोग केला. ही पद्धत महाग आहे. नेहमीची शस्त्रक्रिया मात्र महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, त्यांच्याकडे शिधापत्रिका घेऊन चौकशी करावी.

वाचकांनी काय करावे?

१. साठी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा डॉक्टरांकडून छाती स्टेथोस्कोपने तपासून घ्यावी. जादा आवाज आहे असे सांगितल्यास इको टाळू नये.

२. गेल्या वर्षी न थांबता चढत होतो ती चढण किंवा जिना यंदा थांबून चढावा लागतो का, हे स्वतःला विचारावे. म्हातारी माणसे त्रास सांगत नाहीत, हळूहळू कामच कमी करतात. म्हणून घरच्यांनीही लक्ष ठेवावे.

३. श्रमाने दम, छातीत दाटणे किंवा चक्कर यांपैकी काहीही असल्यास रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून थांबू नये. चालता-चढताना शुद्ध हरपली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

४. झडप खूप अरुंद असल्याचे निदान झालेल्यांनी शेजाऱ्याकडची जिभेखाली ठेवायची गोळी मनाने घेऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो.

५. घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल तर लायपोप्रोटीन-ए एकदा तपासावे. जवळच्या नात्यात कोणाची झडप दोन पाकळ्यांची निघाली असेल तर आई-वडील, भावंडे आणि मुले यांनी इको करून घ्यावी.

६. इकोमध्ये झडप थोडी जाड आहे असे आले तर घाबरू नये, पण रिपोर्ट जपून ठेवावा आणि डॉक्टर सांगतील त्या अंतराने तपासणी पुन्हा करावी. जुन्या आणि नव्या इकोतील फरकावरून विकाराचा वेग जसा कळतो तसा तो रक्तावरून कळत नाही.

एक शेवटची विनंती. डॉक्टरांकडे गेल्यावर आपण आधी फाईल पुढे करतो, आणि फाईल चांगली असली की बोलणे तेथेच संपते. पुढच्या वेळी वडीलधाऱ्यांना घेऊन जाल तेव्हा फाईल पिशवीतच राहू द्या. कितव्या पायरीवर थांबावे लागते ते आधी सांगा, छाती तपासून घ्या आणि मग रिपोर्ट दाखवा.